मेणाचे दात

“आजून उच,” तानुबाई म्हणाल्या. तोंडात मेणाचे दोन जाड पट्टे होते, त्यामुळं शब्द नीट उमटलेच नाहीत. पण आरशाकडं बोट दाखवून त्यांनी हनुवटी खाली ओढली, तेव्हा मला कळलं.

“आता नाही हं. दोनदा वाढवलंय मी.”

“आजून उच!”

माझं डोकंच फिरलं. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली, पंखा बंद पडलेला, आणि ही सत्तरी ओलांडलेली बाई आरशासमोर मान इकडून तिकडं वळवत बसलेली. विट्यात दवाखाना थाटून मला फार दिवस झाले नव्हते, तरी एवढ्यात मी पुष्कळ हट्टी लोक पाहिले होते. कुणाला दात चुन्यासारखे पांढरे हवेत, कुणाला पुढचा एक सोन्याचाच हवा. पण उंच दात मागणारी ही पहिलीच. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, पण तो आरसा आणि ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कवळी करताना दातांच्या आधी मेण येतं. वरच्या आणि खालच्या हिरडीवर मेणाचा एकेक पट्टा बसवायचा, तोंड मिटायला सांगायचं, आणि दोन्ही पट्टे जिथं एकमेकांना टेकतात ती दातांची उंची धरायची. ती कमी धरली तर हनुवटी नाकाच्या भेटीला जाते, ओठ आत पडतात, माणूस आहे त्याहून म्हातारा दिसतो. जास्त धरली तर चेहरा ताणला जातो, ओठ मिटत नाहीत, बोलताना दात खडखड आपटतात आणि हिरड्या सोलवटून निघतात. या दोन्हींच्या मध्ये जागा असते ती चिमूटभर. तेवढीच शोधायची असते आम्हाला.

तानुबाईंची जुनी कवळी कुठल्याशा शिबिरात केलेली होती. इतकी वर्षं भाकरी चावून तिचे दात झिजून सपाट झाले होते. खालचा चेहरा हळूहळू मिटत गेला होता, आणि तो रोज बघणाऱ्या घरच्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

मी त्यांच्या तोंडातून पट्टे काढले. “आक्का, ऐका माझं. आत्ताची उंची बरोबर आहे. याच्यावर गेलं की भाकरी सोडाच, मऊ भातसुद्धा खाता येणार नाही तुम्हाला.”

“खायाला कुनाला पायजेत?”

“मग दात कशाला पाहिजेत?”

त्या पुन्हा आरशाकडं वळल्या.

“मिरवायला?” मी म्हटलं. माझी जीभ तशी लांबच आहे.

तानुबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीतून उतरायला लागल्या. “मंग ऱ्हाऊ दे. चल गं शालन.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांची सून बसली होती. ती उठली, पण दाराकडं न जाता माझ्याकडं आली. “आत्ती, बसा वो जरा. ह्यास्नी सांगितल्याबिगर कसं कळंल?” मग मला म्हणाली, “डॉक्टरीणबाई, मिरवायला न्हवं. आमचं मामा आत्तीस्नी वळखत न्हाईत.”

“म्हणजे?”

“सासरं माझं. दोन वर्सं झाली, इसराय लागल्यात. सांगलीच्या डाक्टरनी सांगितलं, आता आसंच वाढत जाणार. मला वळखत्यात, आमच्या मालकास्नी वळखत्यात. आत्तीच तेवढ्या चालत न्हाईत. जवळ गेल्या की वराडत्यात, ए म्हातारे, हो भाईर, माझी बायकू यील आत्ता. हातचं जेवत न्हाईत, म्हनून मीच हितं ऱ्हाऊन खाऊ घालतीया. पानी दिलं तरी वततात.”

विट्याकडची पुष्कळ माणसं गलाईचा धंदा करतात. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, आणि त्यासाठी जन्मभर परमुलखात राहायचं. तानुबाईंचे नवरे रंगरावतात्या असेच तरुणपणी तमिळनाडूत सेलमला गेले, ते वर्षातून एकदा गावच्या जत्रेला घरी यायचे. दुकान मुलाच्या, उत्तमच्या हाती देऊन ते कायमचे परतले आणि थोड्याच वर्षांत हे विसरणं सुरू झालं.

“आता मालक म्हनत्यात, तात्यांना सेलमला न्हेतो,” शालन सांगत होती. “रविवारची गाडी हाय. तिथं मी हाय, ते हाईत, आमच्या हातचं जेवत्यात तरी. आन आत्ती हितंच ऱ्हानार. त्येंच्यासंगं न्यायच्या कशा? गाडीत आरडाओरडा केला मामांनी तर?”

मी तानुबाईंकडं पाहिलं. त्या जमिनीकडं बघत बोलायला लागल्या. “जल्म सगळा तिकडं गेला त्येंचा. मी हितं रान बघितलं, सासू-सासरं बघितलं, पोर वाढीवलं. म्हटलं, म्हातारपनी तरी येकमेकाच्या तोंडाकडं बगू. तर आता तोंडच वळखंना झालंय.”

“पण दात उंच केल्यानं ते ओळखतील, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“त्येनीच सांगितलं.” त्या एकदम ताठ झाल्या. “मला म्हनत्यात, माझ्या बायकूच्या व्हटाखाली तीन ठिपकं हाईत. तुझ्या कुटं हाईत, दाव.”

मी दिवा ओढून त्यांच्या हनुवटीकडं नीट पाहिलं. एका घडीशिवाय काही दिसत नव्हतं. अंगठ्यानं कातडी खाली ताणली, आणि त्या घडीतून गोंदणाचे तीन हिरवट ठिपके वर आले. दोन शेजारी शेजारी, खाली एक. हनुवटी वर सरकली, ओठ आत गेला, आणि मधल्या सुरकुतीनं ठिपके गिळून टाकले होते.

“मग असं ताणून दाखवलं नाही त्यांना?”

“दाविलं की. तर म्हनाले, वढून कशाला दावतीस गं, चोर कुठली. शेवटी मी त्येंचं नाव घिऊन सांगितलं, मी तानू, रंगरावांची बायकू. जल्मात कवा नाव घेतलं न्हवतं. तर काय म्हनावं? माझी बायकू माझं नाव घेत न्हाई, तू खोटी हाईस.”

शालन हुंदका देऊन रडायला लागली. तानुबाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, मेणाच्या कांडीकडं.

मी पट्टे पुन्हा बसवले. बरोबर उंचीला फक्त खालचा ठिपका दिसत होता, वरचे दोन घडीतच. मेणाची एक पातळ पट्टी तापवून चढवली. ओठांच्या कडा वर आल्या, गाल भरले, पण ठिपके अर्धेच. आणखी एक चढवली. आता ओठ मिटताना ताण पडत होता, नाकपुड्या रुंद झाल्या होत्या. शिकवणाऱ्या सरांनी हे पाहिलं असतं तर माझ्या हातातलं मेण काढून घेतलं असतं. पण तिन्ही ठिपके लख्ख बाहेर आले होते.

“अगं बया!” शालन उभी राहिली. “आत्ती, माझ्या लग्नात अशाच दिसत व्हता तुमी!”

तानुबाई आरशात बघत राहिल्या. त्यांनी बोटानं ठिपक्यांना हात लावला. मग माझ्याकडं वळून मान हलवली, हेच म्हणून.

“हे बघा,” मी म्हटलं, “मी तुम्हाला अशी कवळी करून देणार नाही. तुमचा जबडा दुखून तुम्ही वेड्या व्हाल, आणि ते माझ्या नावावर जाईल. फक्त मेणात दात बसवून देते, दाखवण्यापुरते. आणि नाही ओळखलं त्यांनी तर?”

“तर उत्तम न्हेतोयच की त्येनला.”

मेणाचे दात दवाखान्याबाहेर न्यायचे नसतात. तोंडाच्या उबेनं मेण मऊ पडतं आणि दात जागा सोडतात. पण तात्या घराबाहेर पडायला तयार नव्हते, म्हणून शनिवारी दुपारी ते दात थंड पाण्याच्या डब्यात घालून मीच स्कूटरवरून त्यांच्या गावी गेले. सगळ्या वाटेत मी स्वतःला शिव्या घालत होते. आता हा माणूस हिच्याकडं बघून पुन्हा ‘हो बाहेर’ म्हणाला तर हिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? दातांच्या डॉक्टरनं दात बघावेत. लोकांच्या संसारात नाक खुपसायला मला कुणी सांगितलं होतं?

पुढच्या सोप्यात कॉटवर तात्या बसले होते. अंग वाळलेलं, पण डोळे तीक्ष्ण. हातातली स्टीलची वाटी त्यांनी उजेडाकडं धरली होती आणि ती फिरवून फिरवून बघत होते. हाताला काही लागलं की असं पारखून बघायची त्यांची जुनी सवय, उत्तमनं सांगितलं. तो दाराशी उभा होता. भिंतीला त्याच्या बॅगा टेकवलेल्या, आणि त्यात तात्यांचीही एक.

“मॅडम, आईच्या मनाखातर तुम्ही आलात,” तो हळूच म्हणाला. “पण तिला फार आस लावू नका. मला परवा तिला सोडून जायचंय.”

“परवा नाही, उद्या,” मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

आत स्वयंपाकघरात तानुबाई तयार होऊन बसल्या होत्या. धुवट लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी दात पाण्यातून काढून पुसले आणि त्यांच्या तोंडात बसवले.

“दात दाबायचे नाहीत. जास्त बोलायचं नाही. हलतंय असं वाटलं की सरळ आत यायचं.”

त्यांनी मान डोलावली आणि डोक्यावरून पदर घेतला. मी आणि शालन दाराच्या आड उभ्या राहिलो.

तात्यांनी पावलांचा आवाज ऐकून वर पाहिलं. वाटी हातातच राहिली. ते बघत होते, नुसते बघत होते. बाहेर कोंबडी ओरडली तरी मला दचकायला झालं.

“कोन?” तात्या म्हणाले.

तानुबाई जागीच उभ्या राहिल्या.

“म्होरं ये. उजेडात ये.”

त्या खिडकीशी गेल्या. तात्यांनी वाटी खाली ठेवली, हात पुढं केला आणि त्यांची हनुवटी चिमटीत धरून उजेडाकडं वळवली. आतलं मेण सरकायला एवढासा दाब पुरे होता. तात्यांचा अंगठा ठिपक्यांवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. ठिपके तिथंच होते. कुणी ताणून धरले नव्हते.

“नाव घे माझं,” तात्या अचानक म्हणाले.

शालननं माझं मनगट घट्ट आवळलं. उत्तम दारातून एक पाऊल पुढं आला. मला वाटलं, आटोपलं सगळं. नाव घेतलं तर खोटी, आणि नाही घेतलं तर कुणाची कोण?

तानुबाईंनी मान खाली घातली आणि पदर ओठांवर ओढला. “जावा तिकडं,” त्या म्हणाल्या.

तात्या हसले. खरंच हसले, तोंडभर. “तानूच हाय! कवा आलीस गं?”

“आत्ताच.”

“बस. बस हितं.” त्यांनी कॉटवर जागा केली. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. “बरं झालं आलीस. तुला येक सांगायचं व्हतं. पर रागवायचं न्हाई.”

“न्हाई.”

“या घरात येक म्हातारी हाय.”

तानुबाई हलल्या नाहीत.

“कोन हाय, कुठली हाय, ठावं न्हाई. माझ्या मागं मागं असती. ताट आनती. झोपलो की पांघरून घालती. हात धराय बगती.” तात्यांचा आवाज कापायला लागला. “पर मी हात लावू दिला न्हाई तिला. तुझी शप्पत. तिच्या हातचं पानीबी प्यालो न्हाई मी. म्हटलं, तानू आली आन तिनं बगितलं तर काय म्हनंल?”

दाराच्या आड मी भिंतीला टेकले. दोन वर्षं हा माणूस बायकोला हाकलत होता तो बायकोसाठीच. शिव्या, ओतलेलं पाणी, न जेवणं, सगळं हिच्यासाठीच. आणि ते हिलाच सोसावं लागलं होतं. मला रडू आवरेना आणि आवाजही करता येईना.

तानुबाईंचा खालचा ओठ थरथरत होता. पुढचा एक दात मेणात कलला, मला तो स्पष्ट दिसला. मी त्यांना खुणेनं आत बोलावलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं. पदर आणखी पुढं ओढला.

“त्या म्हातारीला मीच ठिवलीया,” त्या म्हणाल्या.

“तू?”

“व्हय. मला रानातलं बगाय लागतंय. तुमचं कोन करनार? तिच्या हातचं जेवत जावा. हिडीसफिडीस करू नगा तिला.”

“तुला चालंल?”

“चालंल. चांगली हाय वो ती.”

तात्यांनी कपाळावरून हात फिरवला. “तू म्हनतीस तर जेवतो. पर हात धरू देनार न्हाई मी.”

शब्द नीट निघावेत म्हणून तानुबाई थांबून थांबून बोलल्या. “हातबी धरू द्या. थकलीया ती.”

मग त्या उठल्या आणि आत आल्या. येता येताच त्यांनी तोंडात बोटं घालून दात काढले आणि माझ्या हातावर ठेवले. मेण गरम आणि मऊ झालं होतं, दोन दात फिरून बसले होते. त्यांचा चेहरा पुन्हा मिटला, ठिपके गेले. शालननं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. डोळे पुसले, कपाळावरचं कुंकू बारीक केलं, दुधात भाकरी कुस्करली, आणि ती वाटी घेऊन त्या पुन्हा सोप्यात गेल्या.

“मालक, जेवता न्हवं?”

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी दाराकडं पाहिलं. “ती गेली व्हय?”

“रानात गेली.”

“तुला तिनंच ठिवलीया म्हनं.”

“व्हय.”

“मंग आधी सांगायचं न्हाई व्हय?” असं म्हणून तात्यांनी तोंड उघडलं.

त्यांनी वाटी संपवली. घास भरवणाऱ्या हाताला तात्यांनी हिसडा दिला नाही. उत्तम भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यानं बॅगांतली तात्यांची बॅग उचलली आणि आत माजघरात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तो आणि शालन दोघंच गेले.

सोमवारी तानुबाई दवाखान्यात हजर. “आता माझ्या मापाचं दात कर. आन ते उचबी कर.”

“आक्का, मी म्हटलं होतं ना, उंच करणार नाही?”

“इसरले की पुन्यांदा सांगाय लागंल त्येनला. तेवढ्यापुरतं घालीन. त्यात खानार न्हाई, झोपनार न्हाई. तुला जबानच देते.”

मी केले. नियमात बसत नव्हतं, पण केले. एक कवळी जेवायची आणि एक बोलायची. पुढं महिनोन्‌महिने त्या अधूनमधून येत, हिरडी दाखवत, आणि मी विचारलं की सांगत. तात्या पुन्हा अडून बसले की त्या आत जाऊन उंच दात घालायच्या, रानातून आल्यासारखं बाहेर यायच्या आणि दोन शब्द सांगून जायच्या. “मागल्या खेपेला मला म्हनाले, तू लई येत न्हाईस आताशा. पर म्हातारी हाय, चाललंय.” हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे.

“तुम्हाला वाईट नाही वाटत?” एकदा मी विचारलं.

“वाईट कशाचं? वर्सातनं येकदा भेटायची सवयच हाय आमाला.”

उन्हाळा सरता सरता त्या आल्या आणि कमरेची पिशवी सोडून ती उंच कवळी माझ्या टेबलावर ठेवली. “ह्ये ठिव तुझ्याकडं. आता लागत न्हाई.”

मी हातातलं काम खाली ठेवलं. “तात्या...?”

“बरं हाईत की! त्येनला काय झालंय?” त्या खुर्चीवर चढून बसल्या. “काल जेवंनात. म्हटलं, चला, घालावं दात. घातलं, म्होरं गेले, उजेडात हुबी ऱ्हायले. ठिपकं दाविलं. तर माझ्याकडं बगून हात जोडलं आन म्हनाले, तुमी कोन बाई? आमची म्हातारी कुटं गेलीया? तिला तेवढं बोलवा.”

म्हणजे तीही गेली, ठिपक्यांची तानू. जिच्यासाठी त्यांनी दोन वर्षं पाणी ओतून दिलं, तीही पुसली गेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळत होते.

पण त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, पोरीसारख्या लाजत हसत होत्या. “आमची म्हनाले, बाई! आमची म्हातारी! जल्मात कवा आमची म्हनाले न्हवते.”

मग त्यांनी डोळे पुसले, मान मागं टेकवली आणि बोट गालात घातलं. “ह्ये रोजचं तेवढं डाव्या बाजूला टोचतंय, बग जरा. लवकर कर, त्येंची जेवायची येळ झाली.”

मी दिवा ओढला.